तपकिरी अंडं, पांढरं अंडं: रंग, सुरक्षितता आणि घरातली साठवण

प्रश्न तीन आहेत: गावाहून आलेली तपकिरी गावरान अंडी दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांपेक्षा सरस असतात का, घरी आणल्यावर ती धुवावीत का, आणि एप्रिल-मेमध्ये फ्रिजबाहेर किती दिवस टिकतील. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तेच निकडीचं आहे. गावरान अंडी उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ठेवूच नयेत. ‘दुकानातली अंडी नाजूक, गावरान अंडी टणक, ती कुठेही टिकतात’ हा समज नेमका उलटा आहे.

कारण असं. व्यावसायिक लेअर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठीच कोंबड्या पाळतात तिथे, पिंजऱ्यांत फक्त कोंबड्या असतात, कोंबडा नसतो. त्या अंड्यांत जीव धरण्याचा प्रश्नच येत नाही. परसातल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा फिरत असतो, त्यामुळे बहुतेक अंडी फलित असतात. फलित अंड्यातला भ्रूण साधारण २१ अंश सेल्सिअसच्या खाली निपचित राहतो. त्यावर उष्णता गेली की वाढू लागतो, आणि २७-२८ अंशांच्या पुढे ही वाढ चांगलीच जाणवते. उबवणीची उष्णता ३७.५ अंश. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी ती आपोआप मिळते. असं अंडं फळीवर राहिलं तर तीन-चार दिवसांत बलकावर लाल जाळी दिसू लागते. रात्री उष्णता उतरते, वाढ अडखळते, भ्रूण मरतो, आणि मेलेला भ्रूण असलेलं अंडं साध्या अंड्यापेक्षा फार लवकर नासतं. गावाकडून आणलेल्या डझनात दोन-तीन अंडी ‘खराब निघतात’ त्याचं कारण बहुधा हेच असतं.

कोंबडा विकून टाकला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. कोंबडीच्या शरीरात शुक्रजंतू दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतात. शिवाय एकाच डालग्यात चार कोंबड्या अंडी घालत असतील आणि त्यांतली एखादी खुडूक होऊन दिवसभर बसून राहत असेल, तर गोळा करण्याआधीच उबवण सुरू झालेली असते. म्हणून घरच्या कोंबड्या असतील तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा अशी दोन वेळा अंडी उचलावीत. रवणीला (पिल्लं काढायला) ठेवायची वेगळी, खायची वेगळी. खायची लगेच थंड करावीत. वेळेवर थंड केलेलं फलित अंडं खाण्यात काहीही वावगं नाही.

आता रंग. तो कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या पांढरी अंडी देतात; आपल्या फार्मवर सर्रास दिसणारी बीव्ही-३०० याच वंशाची, म्हणून किराणा दुकानातला ३० अंड्यांचा ट्रे पांढरा असतो. ऱ्होड आयलंड रेड आणि तिच्यापासून निघालेल्या संकरित कोंबड्या तपकिरी अंडी देतात. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या परसातल्या सुधारित कोंबड्यांची अंडी फिकट ते मध्यम तपकिरी असतात. कडकनाथचं मांस काळं म्हणून अंडंही काळं असणार असं पुष्कळांना वाटतं. ते असतं फिकट बदामी. ‘कडकनाथची काळी अंडी’ कोणी चढ्या भावाने विकत असेल तर ती रंगवलेली आहेत.

अंडं तयार व्हायला सुमारे २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले २० एक तास कवच चढण्यात जातात. कवच म्हणजे जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, मुळात पांढरंच. तपकिरी रंग देणारं प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य शेवटच्या काही तासांत वरच्या थरावर बसतं. म्हणून तपकिरी अंडं फोडलं की कवचाची आतली बाजू पांढरट दिसते. दक्षिण अमेरिकेतल्या अरौकाना कोंबडीच्या निळ्या अंड्यात मात्र रंगद्रव्य वेगळं असतं, बिलिव्हर्डिन, आणि ते कवचात आरपार मुरतं. ते अंडं आतूनही निळंच.

तपकिरी रंग असा वरवरचा असल्यामुळे एकाच कोंबडीच्या तपकिरी अंड्यांच्या छटा बदलतात. तलंगेची (नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची) पहिली अंडी लहान आणि गडद असतात. पुढे अंड्याचा आकार वाढतो आणि तेवढंच रंगद्रव्य जास्त पृष्ठभागावर पसरून फिकं पडतं. कडक ऊन, कुत्र्या-मांजराची भीती, श्वसनाचा ब्रॉन्कायटिससारखा आजार यांनीही रंग उतरतो. सगळ्या कळपाची अंडी एकदम फिकी आणि सुरकुतलेली येऊ लागली तर पशुवैद्यकांना दाखवावं. कवच पातळ येणं हा वेगळा विषय. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारं बायकार्बोनेट पुरत नाही. त्यात खाणंही कमी होतं. अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शियम लागतं. भरडलेले शिंपले किंवा चुनखडीची कणी वेगळ्या भांड्यात ठेवावी, कोंबडी ती गरजेनुसार खाते. कवचाची जाडी आणि रंग यांचा संबंध लावू नये.

पौष्टिकतेचं म्हणाल तर कवचाच्या रंगाने आत काही फरक पडत नाही. फरक पडतो कोंबडीच्या खाण्याने. मका, हिरवा पाला, किडे खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद होतो; पण झेंडूचा अर्क खाद्यात घालून फार्मवरही हवी ती छटा आणता येते. केशरी बलक पाहून हुरळून जाऊ नये. गावरान अंड्याची चव भरीव लागते, कारण त्यात पांढऱ्या भागाच्या मानाने बलकाचं प्रमाण जास्त असतं. मात्र ते ३५ ते ४५ ग्रॅमचं असतं. ॲगमार्कच्या प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचं अंडं ‘मोठं’ गणलं जातं. मोठ्या अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, ४० ग्रॅमच्या गावरान अंड्यातून साडेचारच्या आसपास. चवीसाठी दुप्पट पैसे द्यायला हरकत नाही. प्रथिनांसाठी देत असाल तर हिशेब चुकतोय.

पांढऱ्या लहान अंड्यांना चहाच्या पाण्याचा रंग देऊन गावरान म्हणून विकण्याचा उद्योग होतो. लिंबू चोळून रंग निघाला म्हणजे अंडं नकली, अशी एक परीक्षा सांगितली जाते. ती फसवी आहे. आम्लाने खऱ्या तपकिरी अंड्याचाही वरचा थर विरघळतो आणि रंग सुटतो. त्यापेक्षा ट्रेकडे नीट पाहावं. खरी गावरान अंडी वजनाला, आकाराला आणि छटेला एकमेकींशी जुळत नाहीत. तीसही अंडी एकाच मापाची, एकाच चहाच्या रंगाची असतील तर संशय घ्यावा.

धुण्याचा प्रश्न. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात; अंडागणिक त्यांची संख्या ७,००० ते १७,००० सांगितली जाते. अंडं बाहेर पडताना ओलं असतं. तो ओलावा वाळून एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि छिद्रांची तोंडं झाकली जातात. अंडं धुतलं की हा थर जातो. त्यातही गार पाण्यात बुडवलं तर आतला ऐवज आकसतो, आत ओढ निर्माण होते आणि कवचावरच्या घाणीसकट पाणी छिद्रांतून आत शिरतं. बादलीभर पाण्यात अंडी भिजत घालून चोळून काढणं हा त्यामुळे सर्वांत वाईट प्रकार. एका अंड्यावरची घाण सगळ्यांना वाटली जाते.

मग विष्ठा लागलेल्या अंड्यांचं काय करायचं? थोडीशी वाळलेली असेल तर कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकेच खरवडून काढावी. जास्त माखलेली असतील तर ती साठवायचीच नाहीत. वापरायच्या वेळी अंड्यापेक्षा किमान १०-१२ अंश जास्त गरम, म्हणजे हाताला सोसेल इतक्या ४०-४५ अंशांच्या वाहत्या पाण्याखाली धुवावीत, लगेच पुसावीत आणि त्याच दिवशी पूर्ण शिजवून संपवावीत. मूळ उपाय खुराड्यात आहे: अंडी घालायच्या जागी दर तीन-चार दिवसांनी कोरडा पेंढा बदलला तर धुण्याची वेळच येत नाही.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांमुळे इथे गोंधळ होतो. अमेरिकेत व्यावसायिक अंडी धुऊनच विकतात आणि २००९ च्या नियमानुसार मोठ्या फार्मवर अंडं घातल्यापासून ३६ तासांनंतर ती सुमारे ७ अंशांच्या आत ठेवावी लागतात. युरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी सहसा धुतच नाहीत, त्यामुळे तिथल्या दुकानांत ती फ्रिजबाहेर दिसतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर. आपली अंडी युरोपसारखी न धुतलेली, पण आपलं हवामान युरोपचं नाही. तेव्हा आपल्याकडे न धुता फ्रिजमध्ये, हे उत्तर.

फ्रिजमध्येही जागा पाहावी. दारातली अंड्यांची खाचांची पट्टी ही फ्रिजमधली सर्वांत वाईट जागा आहे. दार उघडलं की तापमान चढतं, आपटलं की बारीक तडे जातात. आतल्या मधल्या किंवा खालच्या फळीवर, ४ ते ५ अंशांत, झाकणाच्या डब्यात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावीत. बोथट टोक वर, निमुळतं टोक खाली. बोथट टोकाशी हवेची पोकळी असते. ती वर राहिली की बलक मधोमध राहतो आणि पोकळीला चिकटत नाही. झाकण यासाठी की छिद्रांतून वासही शिरतो. सुके बोंबील, सोडे, कापलेला फणस शेजारी उघडा असेल तर चार दिवसांनी अंड्याची पोळी काय चवीची होईल ते सांगायला नको. खोक्यावर आणल्याची तारीख लिहावी. अंड्यावर लिहायची तर पेन्सिलीने, शाईच्या पेनाने नाही.

अशी ठेवलेली अंडी आणल्यापासून तीन आठवडे निर्धास्त वापरावीत. त्याहून जास्त टिकतातही, पण आपल्याकडे सुट्या अंड्यांवर घातल्याची तारीख नसते, तेव्हा दुकानात किती दिवस गेले ते आपल्याला कळत नाही. फ्रिज नसेल तर दुकानातली, फलित नसलेली अंडी थंडीत आठवडाभर, पावसाळ्यात चार-पाच दिवस, कडक उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, एवढीच आणावीत. एकदा गार केलेली अंडी पुन्हा बाहेर काढून ठेवू नयेत. दमट हवेत, विशेषतः कोकणात, गार कवचाला घाम फुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतूंना आत जायला वाट मिळते. वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढली तर चालतं. दोन तासांहून जास्त राहिली तर त्या दिवशीच संपवावीत. वीज चार तास गेली आणि फ्रिजचं दार बंद राहिलं तर काळजी नको.

तांदळाच्या किंवा गव्हाच्या डब्यात अंडी पुरून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. त्याने अंडी फुटत नाहीत, एवढाच तिचा फायदा. धान्य अंड्याला थंड करत नाही, आणि कवचावरची घाण मात्र धान्याला लागते. ठेवायचीच तर कोंड्यात किंवा भुशात ठेवावीत, खायच्या धान्यात नको. विदर्भ-मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात मडक्याची युक्ती जास्त उपयोगी पडते. घमेल्यात ओली वाळू घेऊन त्यात मातीचं मडकं अर्धं रोवावं, आत कोरडा पेंढा अंथरून अंडी ठेवावीत, तोंडाला कापड बांधावं आणि दिवसातून दोनदा वाळूवर पाणी शिंपडावं. बाष्पीभवनाने मडकं खोलीपेक्षा बरंच थंड राहतं. अंडी ओली होऊ देऊ नयेत. दमट हवेत पाणी उडतच नाही, म्हणून कोकण-गोव्यात हा उपाय जवळपास निरुपयोगी. अंडं घातल्याच्या दिवशीच बिनवासाच्या खाद्यतेलाचा हात फिरवला की छिद्रं बुजतात आणि दर्जा जास्त दिवस टिकतो. जुन्या अंड्याला तेल लावून काही साधत नाही, आणि आत आधीच असलेले जंतू तेलाने मरत नाहीत.

ताजेपणा तपासायला पाण्याची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. अंडं जुनं होतं तसं छिद्रांतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, हवेची पोकळी वाढते आणि अंडं हलकं होतं. ताजं तळाशी आडवं पडतं, काही दिवसांचं बोथट टोक उचलतं, आणखी जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. पण यातून वय कळतं, सुरक्षितता नाही. साल्मोनेला (अन्नातून विषबाधा करणारा जिवाणू) असलेलं कालचं अंडं दगडासारखं बुडतं. आणि तपासलेली अंडी ओली झालेली असतात, ती परत साठवू नयेत. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च बरा. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून ते टॉर्चवर धरावं आणि अंधारात अंड्याचं बोथट टोक भोकाला टेकवावं. पोकळीची उंची तीन ते पाच मिलिमीटर असेल तर अंडं ताजं. लाल जाळी किंवा लाल कडं दिसलं तर भ्रूण वाढू लागला होता. तपकिरी कवचातून अंधुक दिसतं, तिथे अंडं हळूहळू फिरवत पाहावं.

यातलं काहीही केलं तरी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडावं आणि मगच इतर अंड्यांत मिसळावं. वाटीत जे दिसतं त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. बलकाला धरून ठेवणारे पांढरे पीळदार धागे म्हणजे ताजेपणाचं लक्षण. किंचित दुधाळ पांढरा भाग म्हणजे आत अजून कार्बन डायऑक्साइड आहे, तोही ताजेपणाच. रक्ताचा एखादा ठिपका बारीक केशवाहिनी फुटल्याने येतो, फलित नसलेल्या अंड्यातही. चमच्याने काढून टाकावा. कवचाखालचा पातळ कागदासारखा पापुद्रा हे अंड्याचं नैसर्गिक आवरण आहे. तो वाळला की चिवट होतो, आणि त्याचे व्हिडिओ ‘प्लॅस्टिकचं अंडं’ म्हणून फिरतात. पांढरा भाग गुलाबी, हिरवट किंवा तेलकट झाक असलेला दिसला, बलक काळपट असला किंवा गंधकाचा वास आला, तर मात्र शिजवूनही खाऊ नये. वाटी आणि हात साबणाने धुवावेत.

दुकानातून तडकलेलं अंडं स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. घरी येताना तडकलं तर लगेच स्वच्छ डब्यात फोडून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन दिवसांत नीट शिजवून संपवावं.

साल्मोनेला दोन मार्गांनी येतो: बाहेरून विष्ठेतून, आणि आजारी कोंबडीच्या अंडाशयातून थेट आत. दुसऱ्या प्रकारात कवच कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही, शिजवणं हाच उपाय. आतलं तापमान ७१ अंशांवर गेलं की तो मरतो. घरगुती खूण म्हणजे पांढरा भाग आणि बलक दोन्ही घट्ट. हाफ फ्राय निरोगी माणसाने ताज्या, थंड ठेवलेल्या अंड्याचं खाल्लं तर धोका कमी असतो, शून्य नसतो. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि केमोथेरपी घेणारे यांनी ते टाळावंच. ब्रिटनने २०१७ मध्ये ‘लायन’ शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्ध यांनाही कच्ची-अर्धकच्ची चालतील असं जाहीर केलं (प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णांना नाही); ती सवलत तिथल्या कोंबड्यांचं लसीकरण आणि तपासणी यांवर उभी आहे, आपल्या सुट्या अंड्यांना ती लागू होत नाही. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करून दिवसभर ओट्यावर ठेवणं तर नकोच. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. तालमीत दुधात कच्चं अंडं फोडून पिणाऱ्यांसाठी: कच्च्या अंड्यातली प्रथिनं निम्म्याच्या आसपास पचतात, शिजवलेल्यातली सुमारे ९० टक्के. बर्ड फ्लूची साथ आली की अंड्यांचे भाव कोसळतात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हाही तसंच झालं होतं. पण पूर्ण शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही.

उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं, कारण उकळताना वरचा संरक्षक थर निघून जातो. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, सालीसकट, आठवडाभर. उन्हाळ्यात डब्यात दिलेलं सोललेलं अंडं मधल्या सुटीत खाल्लं जाणार असेल तरच द्यावं. दहा-बारा मिनिटांहून जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो संयोग आहे, निरुपद्रवी पण चवीला वाईट. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाकलं तर ते येत नाही. कालचं गावरान अंडं उकडून सोलायला गेलात तर अर्धा पांढरा भाग सालीबरोबर जातो. ताज्या पांढऱ्या भागाचा पीएच (आम्ल-अल्कपणा मोजायचं माप) आठच्या आसपास असतो आणि तो पापुद्र्याला चिकटून बसतो. आठवडाभरात पीएच नऊच्या वर गेला की साल सुटते. अंडाकरीसाठी आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये राहिलेली अंडी घ्यावीत आणि आजची ताजी पोळी-बुर्जीला ठेवावीत.

फार जास्त अंडी आली आणि संपणार नसतील तर कवचासकट फ्रीजरमध्ये ठेवू नका, कवच फुटतं. फोडून बलक-पांढरं हलक्या हाताने एकत्र करून लहान डब्यांत गोठवावं. नुसते बलक गोठवायचे तर चार बलकांमागे चिमूटभर मीठ किंवा दीड चहाचा चमचा साखर मिसळावी, नाहीतर ते पिठाच्या गोळ्यासारखे घट्ट होऊन बसतात आणि वितळल्यावर पातळ होत नाहीत. डब्यावर मीठ की साखर तेही लिहावं.